चिठ्ठीच्या पाठीवरचे शिक्के

“दोनी दे, बाय. नवी पन नि जुनी पन,” म्हणत भागीरथीने दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या.

साल १९९१. नौपाड्यातल्या त्या औषधांच्या दुकानात मंदाकिनी नऊ वर्षं फार्मासिस्ट होती. नवी चिठ्ठी कंपवाताची होती. जुनी चार वर्षांपूर्वीची, प्लॅस्टिकमध्ये जपलेली: उलटीच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, आठ दिवस.

मंदाकिनीने बाकाकडे पाहिलं. भागीरथीचा नवरा दामाजी, कोलशेतच्या खाडीत जन्म घालवलेला कोळी, लाकडात कोरल्यासारखा बसला होता. पापणीसुद्धा क्वचित लवत होती. मांडीवरचा हात तेवढा थरथरत होता.

“ह्या गोळ्या अजून घेतात?”

“मंग? खाल्लेला जिरतंय. डाकतर बोल्ला, कंप आता जल्माचा. आमचा पोरगा कान्हा होडी इकतंय. आयतवारी गिऱ्हाईक येनार.”

“डॉक्टरांना ह्या गोळ्यांचं सांगितलंत?”

“उलटीचा कशाला सांगू? तो कंपाचा डाकतर.”

मंदाकिनीने जुनी चिठ्ठी उलटी केली. औषध दिल्याचे शिक्के एकमेकांवर चढले होते आणि प्रत्येकाखाली तिचीच सही होती. शिक्का मारताना तिने दर वेळी त्या दिवसाची तारीख पाहिली होती, चिठ्ठीची नव्हे.

“भागीरथीबाई, मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. ते ठरावीक जागी जाऊन बसलं, की हातपायच काय, चेहराही नीट हलतो. ही गोळी त्याच जागा अडवते.”

“म्हनजे आमच्या खुट्याला दुसऱ्याचीच होडी बांधलेली?”

“अगदी तसंच. नव्या औषधाने डोपामीन वाढेल, पण ते बांधणार कुठे?”

मालक हरिहरशेठ आतून म्हणाले, “मंदाताई, डॉक्टरच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही हां. आणि त्या शिक्क्यांखाली सही तुमची आहे.”

“म्हणूनच चिठ्ठी मीच घेऊन जाते.”

ती दोघांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे गेली आणि चिठ्ठीची पाठ त्यांच्यासमोर धरली. डॉक्टरांनी उलटीची गोळी बंद केली, नवी सुरूच केली नाही.

“कंप गोळीचा असेल तर ओसरेल, नसेल तर राहील,” बाहेर आल्यावर मंदाकिनी म्हणाली. “कान्हाला सांगा, तीन महिने होडी विकू नकोस.”

“नि नाय ओसरला तं?”

“तर मी चुकले म्हणायचं. पण मला वाटत नाही.”

तीन महिने पुरते व्हायच्या आत दामाजी एकटाच दुकानात आला. पहाटे होडी घालून आल्याचा वास अंगाला होता. त्याने दोन्ही हात काउंटरवर टेकवले. ते स्थिर होते.

“चार वर्सं,” तो म्हणाला. “चार वर्सं माज्या नातवंडांनी मला हसताना बगला नाय. माजी बायको मला दगड बोलायची. तू शिकल्याली ना गो? वाचता येत नव्हता तुला?”

हरिहरशेठ पुढे सरसावले. मंदाकिनीने हाताने त्यांना थांबवलं.

“येत होतं,” ती म्हणाली. “वाचलं नाही.”

दामाजीच्या भुवया आक्रसल्या होत्या, नाकपुड्या फुलल्या होत्या, गालाचा स्नायू उडत होता आणि डोळे भरत चालले होते. मंदाकिनीने मान खाली घातली नाही. त्या चेहऱ्यावरची एकेक हालचाल ती पाहत राहिली.