नगरसेविकेची खुर्ची

परदेशात, पापाटोएटोच्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीला प्रणिता उभी राहिली आणि तिच्यापेक्षा जास्त चेव चढला तो तिच्या सासऱ्यांना. सहा महिन्यांसाठी मुलाकडे, सचिनकडे आलेले बाळासाहेब तोवर कानटोपी घालून हीटरसमोर कुरकुरत बसायचे. ते एका दिवसात टुणटुणीत झाले. झब्ब्यावर जाकीट चढलं, डेअरीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना पत्रकं गेली.

"सूनबाई, तू फक्त फोटोत हस," ते म्हणाले. "बाकी माझ्यावर सोड!"

त्यांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, हे आधी ऐकलेलं होतं. गावचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा तिकीट मिळालं त्यांना, निवडून आल्या त्या, आणि पाच वर्षं नगरपालिकेच्या सभेत बसले बाळासाहेब! कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही, कारण बहुतेक नगरसेविकांचे नवरेच बसत. बाईंच्या वाट्याला सह्या तेवढ्या, त्याही पोळ्या लाटता लाटता. आता प्रणिताचंही तेच होणार, या विचाराने त्यांना घास उतरेना. पोरगी काय साधी होती का? शिकायला एकटी आली, ईस्ट टामाकीच्या वेअरहाऊसमध्ये अख्खी शिफ्ट सांभाळते. पण सासऱ्यांपुढे तिचं आपलं 'हो बाबा, बरं बाबा'.

उमेदवारांच्या सभेला प्रणिताला कामावरून निघायला उशीर झाला. कम्युनिटी हॉल भरलेला. मंचावर सगळे उमेदवार बसलेले, फक्त प्रणिताच्या नावाची पाटी लावलेली खुर्ची रिकामी. बाळासाहेबांनी ती पाहिली मात्र, तरातरा वर गेले, चहूकडे हात जोडले आणि ऐसपैस बसले. इतक्या वर्षांची सवय हो, जाते कुठे!

"किया ओरा, सर," सभा चालवणारी बाई तिथला नमस्कार घालत गोड आवाजात म्हणाली, "ही कॅन्डिडेटची खुर्ची आहे."

"सेम फॅमिली," बाळासाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "नो प्रॉब्लेम. आस्क मी!"

हॉल खो खो हसला. सचिनने कपाळाला हात लावला. कुणीतरी गंमत म्हणून बसबद्दल विचारलं, तर हे म्हणतात, "ऑल विल बी डन!"

तेवढ्यात प्रणिता आली, अंगात अजून कामावरचं नारिंगी जाकीट, धापा टाकत. बाळासाहेबांना आनंद झाला. "ये, ये! अरे, हिला एक खुर्ची द्या कुणीतरी!"

आणि प्रणिताने काय करावं? गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मंदाकिनीबाईंना ते बघवेना. डोळे भरले, आणि मग असा राग आला की बस्स. त्या उठून उभ्या राहिल्या.

"अहो! उठा तिथनं!"

बाळासाहेब गडबडले. "अगं, मी तिची जागा धरून..."

"धरलीत तेवढी पुरे झाली. ती खुर्ची तिची आहे. उठा म्हणते ना!"

मराठी कुणाला कळत नव्हतं, पण कळलं सगळ्यांना. मागच्या रांगेतल्या एका सामोअन आजीने तर टाळ्याच वाजवल्या. बाळासाहेब लालबुंद होऊन खाली उतरले. प्रणिता बसली आणि जी बोलायला लागली! पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्यांची बस, अंधारे रस्ते, सगळं असं मुद्देसूद की शेजारचे उमेदवार माना डोलवायला लागले.

निकाल लागेपर्यंत बाळासाहेब घुश्शातच होते. प्रणिता निवडून आल्याचं कळलं आणि रुसवा कुठल्या कुठे पळाला. गावाकडे फोन काय, "आमची सून, आमची सून" काय, स्वतःच्या हाताने तिला पेढा काय भरवला!

सगळं निवल्यावर चहा पिता पिता ते बायकोकडे बघत राहिले.

"मंदे, एवढं खणखणीत बोलता येतं तुला? मग आपल्या नगरपालिकेत पाच वर्षं तोंड का उघडलं नाहीस?"

मंदाकिनीबाईंनी बशी खाली ठेवली.

"बसायला जागा कुठे होती?"