सकाळी दहाची रात्र

आमच्या वस्तीत इंटरनेट अंधार पडल्यावर येतं. आम्ही नदीकाठच्या खळग्यात राहतो. मोबाइलचं नेटवर्क पुलावरून परस्पर पलीकडे निघून जातं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी नवा दिवा बसला, पोटात इंटरनेट असलेला. ठेकेदाराने दोन्हींना वायर एकच दिली. दिव्याच्या डोक्यावर वाटीएवढा सेन्सर आहे. त्याला अंधार दिसला की दिवा लागतो, आणि दिवा लागला तरच इंटरनेट. आम्ही तक्रार केली. उत्तर आलं, दिवसा दिवे लावणं ही उधळपट्टी आहे.

माझी थोरली बहीण विनार्ती हिची मुलाखत सकाळी दहाला होती, व्हिडिओवर. बंदरातली क्रेन चालवायचं प्रशिक्षण. तिची वयाची मर्यादा यंदा संपत होती. गेल्या वर्षी तिने हीच मुलाखत पुलावर उभं राहून दिली. ट्रकांच्या हॉर्नमध्ये तिला एकही प्रश्न ऐकू आला नाही, म्हणून तिने सगळ्यांना हो म्हटलं. त्यातला एक प्रश्न ‘उंचीची भीती वाटते का?’ हा होता.

“आपण दिव्याला फसवू,” मी म्हणालो. “रात्र झाली असं त्याला वाटलं पाहिजे.”

“दिव्याला वाटतं?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

गल्लीचे प्रमुख सुगिर्मान, आमच्या मानाच्या बोलीत पाक सुगिर्मान, तिथेच उभे होते. “खांबावर कोणी चढलं तर मी पोलिसांना सांगेन. सोडवायलाही मीच येईन. पण आधी सांगेन.”

मग उरले म्बाह कार्सो, म्हणजे कार्सो आजोबा, साऱ्या गल्लीचे. ते आपल्या होल्याचा पिंजरा रोज उंच बांबूच्या कप्पीवरून आभाळात चढवतात. तिथे पाखराचा आवाज गोल होतो म्हणे.

“बांबू हवाय, म्बाह. होल्याला आज सुट्टी.”

“त्याला विचारलंस?” आजोबा आत गेले, बाहेर आले. “चालेल म्हणतोय.”

बांबू दिव्याशेजारी रोवला आणि पिंजऱ्याचा रात्रीचा अभ्रा दिव्यावर सोडला. दिवा लागला. टाळ्या वाजल्या. पण दिव्याचा उजेड अभ्र्यातच कोंडला, सेन्सरला वाटलं उजाडलं, दिवा विझला. विझल्यावर पुन्हा रात्र, पुन्हा दिवा. आम्ही माना वर करून दिवस आणि रात्री जाताना बघत राहिलो.

“या हिशेबाने मी आज निवृत्त झालो,” पाक सुगिर्मान म्हणाले.

“उजेड खाली पडू दे,” विनार्ती म्हणाली. “फक्त डोकं झाकायचं. काहीतरी लहान, काळं.”

सगळ्यांनी म्बाह कार्सोंच्या काळ्या मखमली टोपीकडे पाहिलं.

“बघू नका. ही मी फक्त रात्री काढतो.”

“म्बाह, रात्रच करायचीय.”

आजोबांनी जरा विचार केला, मुद्दा पटला, टोपी काढली. आत भरपूर केस होते. गल्लीतल्या बऱ्याच पैजा त्या क्षणी बुडाल्या.

विनार्तीने टोपी दोरीला बांधली, कप्पीवरून वर नेली आणि हळूच सेन्सरवर टेकवली. दिवा लागला तो लागलाच. मुलाखत सुरू झाली.

पडद्यावर एक बाई आणि एक पुरुष. पुरुषाने विचारलं, “उंचावर वस्तू ठेवल्याचा काही अनुभव?”

विनार्तीने फोन वर फिरवला.

“ती टोपी कशाला?”

“इंटरनेटसाठी.”

ते दोघे पडद्याजवळ सरकले. मग बाई म्हणाल्या, “कोणी ठेवली?”

“मी. खालून, दोरीने.”

“काढून दाखव.”

“काढली तर तुम्ही जाल.”

“मग परत ठेव. आम्ही थांबतो.”

विनार्तीने माझ्याकडे बघितलं. मी जाणकारासारखी मान हलवली. मला काहीच कळत नव्हतं. तिने दोरी ओढली. टोपी उठली, दिवा विझला, पडदा काळा. आणि नेमका नदीवरून वारा सुटला. टोपी लोलकासारखी झुलून खांबावर आपटली.

“मखमल आहे ती!” म्बाह कार्सो ओरडले.

“म्बाह, गप्प.”

तिने दोरी तशीच धरून ठेवली. ओढली नाही, सोडली नाही. झोका लहान होत गेला, थांबला. मग टोपी सरळ खाली उतरली आणि बसली. दिवा लागला. पोटातलं यंत्र जागं व्हायला त्याचा वेळ घेतो. तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्यांनी न सांगता आपापले फोन बंद केले, म्हणजे तिला सगळी लाइन मिळावी. आमच्या गल्लीत न सांगता झालेली ही पहिलीच गोष्ट.

चित्र तुकड्यातुकड्यांनी आलं. आधी बाईंचे केस, मग बाई. पुरुष उठून उभा होता, नाक पडद्याला लावून.

“बसली?”

“तुम्ही दिसताय, म्हणजे बसली.”

“सोमवारपासून येशील?” बाई म्हणाल्या.

“येते.”

त्यानंतर फोन कोणी ठेवेचना. पाक सुगिर्मान मध्ये घुसले. “राहायची सोय आहे ना? जेवणात मिरचीचं सांबाल असतं का? तिला त्याशिवाय घास उतरत नाही.”

“दोन्ही आहे.”

“आणखी जागा आहेत का?” मागून एक आवाज आला.

“कोणासाठी?” बाईंनी विचारलं, आणि गल्लीतल्या दोन-तीन मुली ओढण्या नीट करत पुढे सरकल्या.