लहानूची टिंबं

माझं शिक्षण तिसरी. पण आमच्या ख्रिस्ती देवळात शास्त्र वाचायचं असलं की पाळकसाहेब माझ्याकडंच बघतात, कारण मी वाचलेलं मागच्या बाकावरच्या बहिऱ्यालासुद्धा कळतं. म्हणूनच माझ्या सुनेनं, ग्रेसनं, मला तिच्या कामाला धरलं.

नगरला अंधांसाठी ब्रेल पुस्तकं काढणारी एक संस्था आहे. तिचं काम ग्रेस इथं संगमनेरात घरी बसून करते. छापील पान मशीनखाली धरलं की त्यातली अक्षरं कॉम्प्युटरवर येतात. येताना निम्मी चिन्हं गळतात, आणि कागदावर डाग असला की त्याचा स्वल्पविराम होतो. म्हणून मी मूळ पुस्तक हातात घेऊन चिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं आणि तिनं स्क्रीनवर जुळवायचं. "टिंब. स्वल्प. अवतरण उघड. अवतरण बंद."

शेजारीण विचारायची, "दयाबाई, ह्यो कुठला मंत्र?"

"तुला न्हाई जमायचा," मी म्हणायची.

नियम एकच. पुस्तकात छापलंय तेच ठेवायचं, आपल्याला आवडो न आवडो.

नाताळानंतर एक कादंबरी आली. त्यात लहानू नावाचा पोस्टमन. हा बाबा चार शब्द सलग बोलेल तर शपथ. दर शब्दामागं तीन टिंबं. त्याच सुमारास ग्रेसनं ब्रेलचा एक कागद घरी आणला होता. मी डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं. चुलीपुढं राबलेलं बोट माझं, त्याला नुसती वाळू लागली. ग्रेस म्हणाली, टिंबालासुद्धा वेगळी जागा लागते. माझ्या मनात आलं, हा लहानू बोलेना, आणि त्याच्यापायी अंध माणसांनी बोटं झिजवायची?

मग मी टिंबं गाळून वाचायला लागले.

ग्रेसनं विचारलं, "आत्या, हितं तीन टिंबं दिसत्यात."

"पुस्तकात न्हाईत. माशीनं घाण केली आसंल."

"सगळीकडं माशीच?"

"जुनं पुस्तक हाय. माश्या काय तुला विचारून बसतात?"

तिनं माझ्या शब्दावर सगळी पुसली.

महिन्यानं, सकाळी भाकरी चालू असताना, गोरक्ष सरांचा फोन आला. संस्थेत पहिली प्रत तेच बोटानं वाचून तपासतात, जन्मापासून अंध. ग्रेसचे हात पिठाचे, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

"ग्रेसताई, पुस्तकात लहानूला सगळं गाव अडखळ्या म्हणतं. आणि तुमचा लहानू वकिलासारखा धडाधडा बोलतोय. एकदाही अडखळत नाही. मी मूळ पुस्तक दुसऱ्याकडून बघून घेतलं, त्यात दर शब्दामागं टिंबं आहेत. असं होणार असेल तर हे काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

या कामासाठी पोरीनं दोन वर्षं डोळे फोडले होते. तरी ती म्हणाली, "सर, चूक माझी. माझंच लक्ष नव्हतं." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मी गप्प बसून पोरीनं शिव्या खायच्या, असला धंदा या घरात होत नाही.

"सर, मी दयाबाई, तिची सासू. तिला टिंबं दिसली हुती. मीच न्हाईत म्हनले."

"का?"

"तुमच्या बोटाला तरास नको म्हणून."

 सर म्हणाले, "बाई, तोंड भाजेल म्हणून कुणी तुमच्या ताटातली मिरची काढून घेतली तर?"

"हात मोडीन त्याचा."

"मग? लहानू जिथं थांबतो तिथं मलाही थांबायचंय. तो घाबरलाय, हे मला तिथंच कळतं."

 

"चुकले," मी म्हणाले. हा शब्द मी माझ्या नवऱ्यालाही कधी ऐकवला नव्हता.

"सोमवारपर्यंत टिंबं परत घाला. काम ग्रेसताईंकडंच राहील. आणि वाचायला तुम्हीच बसा. इतक्या खणखणीत आवाजात खोटं बोलणारं माणूस आमच्याकडं दुसरं नाही."

फोन ठेवला तेव्हा तव्यावरची भाकरी जळाली होती. जळकी मीच खाल्ली.

दुपारी आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. लहानू दारात आला, पत्र पुढं केलं, आणि मी वाचलं, "मी टिंब टिंब टिंब तुमचं टिंब टिंब टिंब..."

ग्रेस स्क्रीन सोडून माझ्याकडंच बघत होती, डोळे भरून.

"माझ्या तोंडात न्हाईत टिंबं," मी म्हणाले. "तिकडं बघ."