अमासाच्या जागी

आमचं लग्न झालं त्या वर्षी कवायतीच्या दिवशी गावच्या मैदानावर कुणीतरी माझ्या नवऱ्याला हाक मारली, "काय अमासा, पायांची काही खबरबात? तुझे पाय सध्या पेनसिल्व्हेनियात आहेत म्हणे!"

सगळे खो खो हसले. अमासाही हसला. पण त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि घरी पोचेपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

टोमणा कशावरून होता ते आमच्या ईस्ट हॅरो गावात पोराबाळांनाही ठाऊक होतं. इंग्लंडच्या राजाशी लढाई जुंपली आणि आमच्यासारख्या लहान गावांनाही पलटणीत माणसं धाडावी लागली. हौसेनं जाणारे पहिल्याच वर्षी गेले. मग टोपीत चिठ्ठ्या टाकायची पाळी आली, आणि अमासाची चिठ्ठी निघाली. त्याचा थोरला भाऊ आधीच बॉस्टनजवळच्या छावणीत हगवणीनं गेला होता. त्यामुळे चिठ्ठी निघाल्याचं कळताच माझ्या सासूबाईंनी अंथरूणच धरलं. आपल्याऐवजी दुसरा माणूस द्यायची कायद्यात मुभा होती. माझ्या सासऱ्यांनी, डीकन लॅथ्रपनी, प्रिमसला दिलं.

प्रिमस त्यांचा गुलाम. लहान असताना न्यू लंडनच्या बंदरावरून आणलेला. अमासाहून दहाएक वर्षांनी मोठा. अमासाला घोड्यावर बसायला, मासे पकडायला, मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढायला त्यानंच शिकवलं. बापाच्या माराला भिऊन अमासा लपायचा तोही प्रिमसच्या माळ्यावर.

आणि सासरे म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, वर स्वातंत्र्याच्या समितीचे प्रमुख. राजाचा कर भरायचा नाही म्हणून गावानं चहा सोडला तो त्यांच्या सांगण्यावरून. "राजाला वाटतं, आम्ही त्याचे गुलाम आहोत!" असं ते चर्चच्या पायरीवरून गरजले, तेव्हा त्यांचा घोडा धरून प्रिमसच खाली उभा होता. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लोकांनी टोप्या उडवल्या.

प्रिमस परत आला तो गवतकापणीच्या दिवसांत. मी अंगणात लोण्यासाठी साय घुसळत होते. फाटकातून एक माणूस टाचांवर जोर देत, बदकासारखा डुलत आला. मी आधी ओळखलंच नाही. दोन्ही पायांची बोटं छावणीतल्या थंडीनं झडून गेली होती.

सासरे आणि अमासा कुरणातून परतत होते. प्रिमसनं टोपी काढली.

"मालक, मुदत भरली. तुम्हाला सांगायला आलो, आणि माझी पेटी न्यायला."

"देवाची कृपा, जिवंत आलास," सासरे म्हणाले. "आत जा, जेवून घे. उद्या वरचं कुरण कापायचंय."

"कापायला येतो ना, मालक. शेजारी म्हणून येईन. पण आधी पेटी."

"पेटी कुठे न्यायचीय तुला?"

"तुम्हीच म्हणाला होता. तीन वर्षं अमासाच्या जागी जा, परत आलास की तू मोकळा."

सासरे हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अरे, युद्ध संपलंय कुठे अजून? संपलं की बघू, असं म्हणालो होतो मी."

प्रिमस अमासाकडे वळला. "तू होतास तिथे. सफरचंदाच्या दारूच्या कोठारात आपण तिघंच होतो. सांग की, काय म्हणाले?"

अमासा हातातल्या विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "घोड्यांना पाणी दाखवायचं राहिलंय," आणि निघून गेला.

प्रिमस गप्प बसला नाही. त्यानं न्यायाधीश वॉडम्सांकडे दाद मागितली. सराईच्या मोठ्या खोलीत सुनावणी झाली. खोली खच्चून भरली होती. प्रिमसच्या तुकडीचा कॅप्टन सांगून गेला की असा शिपाई मिळणं कठीण. पण वचन काही कॅप्टननं ऐकलेलं नव्हतं. मग अमासाला बोलावलं. त्यानं हात वर करून शपथ घेतली. सासरे समोरच बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"अमासा लॅथ्रप," वॉडम्सांनी विचारलं, "तुझ्या वडिलांनी या माणसाला मोकळं करायचं वचन दिलं होतं का?"

अमासाची नजर बापाच्या काठीवर गेली. माझ्या मांडीवरचं पोर रडायला लागलं तरी मला त्याला उगी करायचं सुचलं नाही.

"मला... आठवत नाही."

मी प्रिमसकडे पाहिलं. तो चिडला नव्हता. रस्त्यात आपण एखाद्याला ओळखीचा समजून हाक मारावी आणि तो वळल्यावर परकाच निघावा, तसा तो अमासाकडे बघत होता.

प्रिमसला सासऱ्यांच्या मागोमाग घरी यावं लागलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. प्रिमस सांगितलेलं काम करायचा. एक शब्द वावगा नाही. पूर्वी तो "अमासा, नाक पूस" म्हणायचा, तो आता "धाकटे मालक, मीठ" म्हणू लागला. आणि मिठाची वाटी अमासापुढे ठेवून भिंतीशी उभा राहायचा. अमासाचा घास तोंडातच फिरायचा.

प्रिमस उठायच्या आत अमासा लाकडं फोडून ठेवायचा. प्रिमस येऊन ती फोडलेली लाकडं तशीच राहू द्यायचा आणि शेजारी दुसरा ढीग फोडायचा. अमासानं स्वतः बसून त्याच्यासाठी जोडे शिवले, पुढच्या रिकाम्या जागेत लोकर भरून. प्रिमसच्या माळ्याच्या पायरीवर नेऊन ठेवले. ते तिथेच पावसात भिजले, आणि एक दिवस कुत्र्यानं त्यातला एक पळवला. मी चोरून बघत असे. नवऱ्याला हाक मारायचंही धाडस होत नसे, इतकं त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

एकदा आम्ही दोघं परसात शेंगा तोडत होतो. मान वर न करता तो म्हणाला, "हिटी, मला आठवतं."

"काय?"

"सगळंच. बाबांनी त्याचा हात हातात घेतला होता. म्हणाले, परत आलास की या देशात तू माझ्याइतकाच मोकळा. प्रिमसनं माझ्याकडे वळून विचारलं, ऐकलंस ना? मी म्हटलं, ऐकलं."

मला अंदाज होताच. तरी ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या हातातली टोपली खाली पडली.

"मग त्या दिवशी जिभेला काय झालं होतं?"

"समोर बाबा बसले होते."

"मीपण बसले होते, तुझं पोर मांडीवर घेऊन!"

"तुला नाही कळायचं. आदल्या दिवशी ते म्हणाले, शेत कुणाच्या नावावर करायचं त्याचा विचार चाललाय."

"म्हणजे शेतासाठी?"

"नाही गं." तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "शेतासाठीही. आणि भीतीनं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो ना, की मला त्याचे पाय दिसतात. ते माझे जायचे होते. ज्याच्याकडे बघवत नाही त्याच्या बाजूनं कसं बोलायचं?"

मला त्याची कीव आली नाही. खरं सांगायचं तर किळस आली. मी टोपली उचलली आणि आत निघाले. तेव्हा तो मागून म्हणाला, "बाबा त्याला हडसन नदीपलीकडच्या एका जमीनदाराला विकून टाकणार आहेत. बर्फ पडायच्या आत."

मी वळले. "हे ठाऊक असून तू शेंगा तोडतोयस?"

तो पुन्हा शेंगांवर वाकला. पण त्या रविवारी उपासनेला निघताना त्यानं ठेवणीतला लग्नाचा कोट चढवला, तेव्हाच मी ओळखलं, आज हा काहीतरी करणार.

आमच्या चर्चमध्ये पाप केलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून ते कबूल करायचं, अशी रीत आहे. बहुतेकदा ज्यांचं पहिलं मूल लग्नानंतर फार लवकर आलं अशी जोडपी उभी राहतात, आणि मागच्या बाकांवर पोरी फिदीफिदी हसतात. प्रवचन संपल्यावर अमासा मधल्या वाटेत जाऊन उभा राहिला तेव्हाही दोघी-तिघी हसल्या. माझ्याकडे बघून.

सासरे व्यासपीठाखालच्या डीकनांच्या बाकावर, आमच्याकडे तोंड करून बसले होते. आमच्या पाद्रींनी, रेव्हरंड टॅलकटांनी, विचारलं, "काय म्हणायचंय, बाळ?"

"मी शपथ घेऊन खोटं बोललो," अमासा म्हणाला. "मला आठवतं. बाबांनी प्रिमसला वचन दिलं होतं. मला वाचवायला म्हणूनच दिलं होतं. आणि मी..." त्याचा आवाज फाटला. "त्यानं मला लहानाचा मोठा केला. तो माझ्या जागी गेला. आणि मी त्याच्या तोंडावर म्हणालो, आठवत नाही."

सासरे ताडकन उठले. "माझा मुलगा आजारी आहे. बरेच दिवस त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

तेव्हा पलीकडच्या बाकावरून वॉडम्स उठले. ते हळू बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मागपर्यंत पोचला. "मग तुम्हीच सांगा, डीकन. इथेच सांगा. म्हणाला होता की नव्हता?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. ते वर सज्जाकडे बघत होते; तिथे नोकरचाकर आणि काळी माणसं बसतात. ते खाली बसले. त्या मोठ्या माणसाची मान झुकलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. आम्ही सगळे एकाच घरचे होतो.

रेव्हरंड म्हणाले, "या भावाला मंडळी क्षमा करते का?"

बायकांना विचारत नसत. पुरुषांचे हात वर गेले. एक, दोन करत सगळेच. कवायतीच्या मैदानावर टोमणा मारणाऱ्यानंही हात वर केला. किती चटकन झालं ते! रेव्हरंड टॅलकटांनी पुढची प्रार्थना सांगायला घेतली.

मी वर बघितलं. प्रिमस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

अमासाही वर बघत होता; जागेवर येऊन बसला तरी त्याची नजर सज्जावरून हलली नाही. "सगळ्यांनी क्षमा केली," मी त्याच्या कानात पुटपुटले. "गप गं," तो म्हणाला.

वॉडम्सांनी पुन्हा सुनावणी घेतली आणि प्रिमस मोकळा झाला. तो आपली पेटी खांद्यावर घेऊन फाटकातून गेला, मागे न बघता. सासऱ्यांनी शेत माझ्या नणंदेच्या नवऱ्याला दिलं. आम्ही गावाच्या वरच्या टोकाला, दगड जास्त आणि माती कमी अशा तुकड्यावर गेलो. माझ्या माहेरच्यांनी मला खुळ्यात काढलं. मी मात्र त्या घरातून निघताना पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

हिवाळा सरल्यावर अमासा प्रिमसकडे गेला. मलाही सोबत नेलं. एकट्याला जायचा धीर नव्हता. प्रिमस गिरणीजवळ एका खोपटात पिंपं बनवायचा. नुकतंच त्याचं लग्न झालं होतं. त्याची बायको डायना दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिनं आत बोलावलं नाही.

"प्रिमस," अमासा म्हणाला, "मी माफी मागायला आलोय."

प्रिमसनं हातातली फळी तासणं थांबवलं नाही. "गावानं दिली ना?"

"गावाची नकोय. तुझी हवीय."

"कशाला?"

अमासानं टोपी काढून हातात घेतली. "मला... मला जगता येत नाही असं."

"हं." प्रिमसनं फळी उजेडात धरून बघितली. "तू शेवटी खरं बोललास, ते मी ऐकलं. त्यामुळे मी इथे आहे, हडसनपलीकडे नाही. ते मी विसरणार नाही. पण हिवाळ्यात बोटं काळी पडत होती ना, तेव्हा मी मनाशी म्हणायचो, हरकत नाही, ते पोर घरी शेकोटीशी बसलंय. त्या पोरावर माझा जीव होता, अमासा. सराईत तू 'आठवत नाही' म्हणालास, तेव्हा ते पोर गेलं. आता मी माफी कुणाला देऊ?"

अमासा मान खाली घालून उभा राहिला.

"लाज वाटते ना? वाटू दे," प्रिमस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. "ती तुझी आहे. तीही तुझ्या जागी मीच वाहायची का?"

आम्ही निघालो. मी चीज आणलं होतं ते डायनाच्या हातात द्यायला गेले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली तेव्हा तिनं ते घेतलं.

पुढे तह झाल्याची बातमी आली. गावानं मैदानावर मोठा उत्सव केला, तोफ उडवली, अख्खा बैल भाजला. सासरे थकले होते, तरी भाषण त्यांनीच केलं. पलटणीतून आलेल्यांना रांगेत उभं करून त्यांच्या नावाचा जयजयकार झाला. मी मुलांना घेऊन गेले होते. अमासा आला नाही. शेताच्या कडेला दगडांचं कुंपण रचत बसला.

मी परतले तेव्हा त्यानं दगड खाली ठेवला. "प्रिमस होता?"

"होता."

"त्याचं नाव पुकारलं?"

"पुकारलं. सगळ्यांच्या शेवटी."

"उभा कुठे होता?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण त्या घरात आता खोटं चालत नव्हतं. "मागे. झेंड्याच्या खांबामागे उभं केलं होतं त्याला. पुढून दिसत नव्हता."

अमासानं कपाळावरचा घाम पुसला. त्यानं गावाकडे पाहिलं. तिथून अजून ओरडण्याचे आवाज येत होते. मग त्यानं अंगरखा चढवला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"त्याच्या बाजूला उभं राहायला नाही. तेवढी माझी लायकी नाही," तो म्हणाला. "पण तो का दिसत नव्हता, एवढं तरी कुणीतरी तिथे जाऊन मोठ्यानं विचारायला पाहिजे."

तो उतारावरून खाली गेला. विचारलं त्यानं, मला नंतर शेजारणीनं सांगितलं. लोक हसले. कुणी उत्तर दिलं नाही.