ओल्या तापमापकाचा संशय

मी एक जुना तापमापक आहे. पण मित्रांनो, मला नुसता तापमापक म्हणू नका, मी ओला तापमापक आहे. माझ्या पाऱ्याच्या फुग्यावर मलमलीची वात गुंडाळलेली असते आणि तिचे टोक खालच्या पाण्याच्या वाटीत बुडालेले असते. शेजारी माझा जुळा भाऊ उभा असतो, कोरडा. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी आमच्यात पारा भरला गेला. संगमनेरच्या पठारावरील एका शाळेच्या आवारात, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, आम्ही वीस वर्षे राहत आहोत.

आमचे काम सोपे आहे. भाऊ हवेचे तापमान सांगतो. हवा कोरडी असली की माझ्या वातीतले पाणी भराभर उडते, मला गारवा लागतो आणि माझा पारा खाली येतो. आमच्या दोघांत जेवढे अंतर जास्त, तेवढी हवा कोरडी. दोघांचे आकडे सारखे आले, तर हवा ओलाव्याने गच्च भरली आहे असे समजावे. आसपासचे डाळिंबवाले हा ओलावा शाळेच्या फळ्यावर वाचतात आणि फवारणीचे ठरवतात. ओल वाढली की बागेत रोग येतो.

हसीना मॅडम आमच्या नोंदी घेत. त्या भूगोल शिकवायच्या, पण नोकरी कायम नव्हती. रोज साडेआठला आणि अडीचला त्या पेटी उघडत. माझ्या वाटीत त्या बॅटरीचे शुद्ध पाणी घालत. मुले माझ्याभोवती गोळा होत, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

यंदा रमझान मार्चात आला होता. मॅडम रोजे धरून होत्या. त्याच दिवसांत माझी वात कडक होऊ लागली. पाणी वर चढेना. माझा पारा हळूहळू भावाच्या बरोबरीला गेला. वाटी तर काठोकाठ भरलेली! मग हे कोण करत होते?

माझा संशय कडूबाईंवर गेला. त्या शाळेच्या शिपाई. रोज बाराच्या उन्हात त्या इकडेतिकडे बघत यायच्या, गुपचूप पेटी उघडायच्या, वाटीशी काहीतरी करायच्या आणि झटकन निघून जायच्या. चांगल्या मनाचा माणूस असा चोरून का येईल? मॅडमना घालवण्यासाठी त्यांना कुणीतरी फितवले असणार, अशी माझी खात्रीच झाली.

गावाचा संशय मात्र मॅडमवर होता. शाळा समितीचे गोरक्षभाऊ स्वतः डाळिंबवाले. फळ्यावर 'ओलावा नव्वद टक्के' वाचून ते घरोघर सांगत सुटले, "बाई उपाशी असते, उन्हात जात न्हाई. वर्गात बसून आकडे लिहिते."

एके दिवशी अडीच वाजता ते मुख्याध्यापक हनुमंत सरांना घेऊनच आले.

"मॅडम, अडतीस डिग्रीला नव्वद टक्के ओल? आन आमचे व्हट फुटायलेत!"

"मलाही पटत नव्हतं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पण जे दिसलं तेच मी लिहिलं. तुम्हीच वाचा."

गोरक्षभाऊंनी डोळे बारीक करून वाचले. माझा कोरडा भाऊ अडतीस, मी सदतीस. मग म्हणाले, "म्हंजी यंत्रच बिघडवून ठिवलंय."

मॅडमनी माझी वात चिमटीत धरली. ती करकरली. बोटांना पांढरी पूड लागली. "हे क्षार आहेत. यात बोअरचं पाणी कुणी घातलं?"

सर मॅडमकडे बघत होते, गोरक्षभाऊ सरांकडे. तेवढ्यात व्हरांड्यातून कडूबाई पुढे आल्या. हातातला झाडू त्यांनी भिंतीला टेकवला.

"म्या घातलं. म्याडमच्या तोंडात दिसभर पान्याचा थेंब न्हाई. वाटी भरलेली दिसली तर कॅन घिऊन उन्हात यायचं तरी वाचंल. सांगितलं असतं तर त्यांनी घालू दिलं नसतं, म्हनून गुपचूप घातलं. मला काय म्हाईत, यंत्राला पानीबी निवडून लागतं?"

मित्रांनो, त्या क्षणी माझा पाऱ्याचा फुगा फुटला असता तर बरे झाले असते.

मॅडमनी नवी वात कापली, शुद्ध पाण्यात भिजवून मला बांधली. सगळे उभे राहिले. तीस, सत्तावीस, चोवीस. पंधरा मिनिटांत मी एकवीसवर येऊन थांबलो.

"मंग आज ओल किती?" गोरक्षभाऊंनी खालच्या आवाजात विचारले.

"वीस टक्क्यांच्या आसपास."

हनुमंत सर म्हणाले, "वहीतली तेवढी पानं काढून टाका, विषय संपला." मॅडमनी पाने फाडली नाहीत. अकरा दिवसांच्या नोंदींवर त्यांनी लाल रेघ मारली आणि खाली लिहिले, 'वातीवर क्षार साचल्याने नोंदी ग्राह्य नाहीत. वात वेळेवर बदलणे माझ्याकडून राहून गेले.' खाली सही केली. कडूबाईंचे नाव त्यात कुठेच नव्हते. गोरक्षभाऊंनी ते दोनदा वाचले आणि टोपी काढून म्हणाले, "चुकलं माझं, मॅडम."

तेव्हापासून बॅटरीच्या पाण्याचा कॅन कडूबाईंकडे असतो. दर सोमवारी त्या वात बोटाने चाचपून बघतात. गोरक्षभाऊ चार घरी जाऊन खरे काय ते सांगून आले. पण ज्या घरांत त्यांना जाणे झाले नाही, तिथे हसीना मॅडम अजून खोट्याच आहेत.

म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. यंत्राला स्वच्छ पाणी द्या, त्याची वात बदला. आकडा चुकीचा वाटला तर आधी यंत्र तपासा. आणि एखाद्या माणसाबद्दल संशय आलाच, तर तो चार घरी सांगण्याआधी त्या माणसालाच जाऊन विचारा. माझी वात पंधरा मिनिटांत बदलता येते, माणसाचे गेलेले नाव नाही.