पुढून एकशे चोवीस

"मिस्त्री, आधी हात फिरवून बघा आणि मग तोंड उघडा," वकीलसाहेब म्हणाले.

मिस्त्रींनी तोंड उघडलंच नव्हतं. जुन्या निळ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरपाशी ते उकिडवे बसले होते आणि बघावं तितकं त्यांना कानकोंडं होत होतं. टायर बाहेरून कोरा करकरीत आणि आतल्या कडेला पार टक्कल! उजव्याचीही तीच तऱ्हा. तळवा आतून बाहेर नेला की गुळगुळीत. बाहेरून आत आणला की रबराच्या कडा करवतीसारख्या बोटांना लागत होत्या. म्हणजे चाकं पुढून फाकली होती आणि प्रत्येक मैलाला थोडी थोडी फरपटत होती. एवढं निदान तर त्यांनी झोपेतही केलं असतं. पण हीच चाकं तीन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः जुळवून दिली होती, त्याचं काय?

"तीन महिने हो, फक्त तीन महिने!" वकीलसाहेबांचा आवाज कोर्टात चढावा तसा चढला. "या मापाचे टायर मिळवायला मला दोन वर्षं लागली. वडिलांची गाडी म्हणून जिवापाड जपतो. बायको म्हणते, याच्या निम्मं मला जपलं असतं तर मी अजून तरुण दिसले असते."

"जरा दम धरा. गाडीचं वय झालंय. वय झालं की सांधे ढिले होतात."

"कुणाचे? गाडीचे की तुमचे? नाचता येईना, अंगण वाकडं! कोपऱ्यावर तो कम्प्युटरवाला बसलाय, दहा मिनिटांत चाकं जुळवून छापील कागद हातात देतो. तरी मी इथेच येतो, कारण तुमचं माप चुकत नाही. आज कारण सापडलं नाही, तर मात्र आपला नमस्कार."

मिस्त्रींनी जॅक ओढला. तीस वर्षांत चाकं जुळवण्यात त्यांचं नाव झालं होतं, आणि एक वकील तुटला तर त्याच्यामागून जुन्या गाड्यांचे सगळे शौकीन जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही मंडळी एकमेकांना गाडीपेक्षा गाडीवाल्याच्या तक्रारीच जास्त सांगतात.

पुढचा भाग उचलून त्यांनी चाक वर-खाली हलवलं. बेअरिंग घट्ट. ज्या खुंटीवर चाक वळतं, तीही घट्ट. दोन्ही चाकांना जोडणारा लांब दांडा, ज्याला सगळे टायरॉड म्हणतात, तो त्यांनी दोन्ही टोकांना हिसडून पाहिला. तसूभर हलला नाही. दांडा वाकलाय म्हणावं, तर तोही सरळ. माणूस हरवलेली किल्ली चौथ्यांदा त्याच खिशात शोधतो, तसं त्यांनी सगळं पुन्हा एकदा तपासलं. मग हात टेकले.

"अगं, टेप आण," त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली.

मिस्त्रींची बायको पदार्थ झाकावा तसा टेप मुठीत धरून आली. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मिस्त्रींचा मदतनीस पळाला, त्या दिवशी ती "एवढंच ना, आकडा सांगायचा?" म्हणून येऊन बसली, ती बसलीच. पद्धत अगदी साधी होती. दोन्ही टायरच्या मध्यावर रेघ ओढायची. उजव्या रेघेवर टाचणी खोचून त्यात टेप अडकवायचा. डाव्या चाकाशी वहिनी बसून माप वाचणार आणि मिस्त्री गाडीखाली आडवे पडून पान्याने दांडा फिरवणार. चाकांच्या पुढून घेतलेलं माप मागून घेतलेल्यापेक्षा टेपवरच्या तीन बारीक रेघा, म्हणजे तीन मिलिमीटर, कमी आलं, की काम फत्ते. "कोपऱ्यावरच्याला कम्प्युटर घेऊ दे, माझा मी लग्नातच आणलाय," असं मिस्त्री गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि वहिनी दर वेळी "इश्श, पुरे आता" म्हणून खूश होई.

गाडी खाली घेऊन, जरा पुढे ढकलून, टेप लागला. मिस्त्री पाठीवर सरकत खाली गेले.

"किती गं पुढून?"

"एकशे चोवीस. बरोब्बर."

"आणि मागून?"

टेप घेऊन ती चाकाच्या मागच्या बाजूला सरकली. "एकशे चोवीस आणि तीन रेघा."

अगदी हवं तेच माप! मग टायर खाल्ले कुणी, भुताने? मिस्त्री तसेच पडून राहिले. ती किती पटकन बोलली होती! पूर्वी ती रेघा मोजायची, ओठातल्या ओठात पुटपुटायची. "थांबा हो, डोक्यावर बसू नका" म्हणायची. ते पुटपुटणं कधी बंद झालं?

ते बाहेर आले, तिच्या शेजारी बसले आणि टेप पुन्हा पुढून लावला. एकशे चोवीस आणि वर चार रेघा. मग मागून. एकशे तेवीस आणि नऊ. पाच रेघांनी चाकं फाकलेली होती. तिचं बोट मात्र एकशे चोवीसच्या मोठ्या काळ्या आकड्यावर होतं आणि नजर टेपच्या जरा बाजूला, कुठेतरी जमिनीवर.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं, त्यांना कळलंय ते.

"कधीपासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"वर्ष होईल. मोठे आकडे दिसतात. रेघा नाही दिसत. एकटीच जाऊन आले डॉक्टरकडे. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. डोळ्यातला पडदाच सुकत चाललाय, त्याला चष्मा चालायचा नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून? घरात बसून मी काय करू? भिंतींशी बोलू?" तिने टेपवरचं बोट काढून घेतलं. "तुम्हाला कुठल्या गाडीला काय हवं असतं ते पाठ आहे मला. चारदा पाना फिरला की तुम्ही थांबता, मग मी 'आलं' म्हणायची. बहुतेक वेळा येतच असेल की."

मिस्त्रींना संताप यायला हवा होता. वर्षभरात किती गाड्या गेल्या असतील, किती टायर! पण वाटलं ते भलतंच. ही बाई वर्षभर रोज सकाळी अंधुक डोळ्यांनी इथे येऊन बसत होती आणि आपण खाली पडून नुसता आकडा ऐकत होतो. एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मघाशी फोनवर बोलायला फाटकाकडे गेलेले वकीलसाहेब परत आले. "सापडलं का?"

"सापडलं," मिस्त्री उठत म्हणाले. "चूक माझी. त्या दिवशी नट नीट आवळला नव्हता. दांडा सरकला."

"तुम्ही? नट?" वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. उलटतपासणीची सवय, दुसरं काय.

"खोटं बोलताहेत ते," वहिनी म्हणाली. ती चाकाला धरून उभी राहिली. "यांनी आजवर नट सैल सोडला नाही. माप मी चुकीचं सांगितलं. मला दिसत नाही, वकीलसाहेब. यांना आत्ता कळलं. यांच्या हाताला नावं ठेवू नका."

वकीलसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टायरकडे. मग ते म्हणाले, "जुळवून ठेवा. संध्याकाळी नेतो." फाटकाशी थांबून पुढे म्हणाले, "वहिनी, टायर काय, मिळतील पुन्हा." आणि पायीच निघून गेले.

वहिनीने टेप गुंडाळून मिस्त्रींपुढे धरला. "घ्या. मी जाते आत. उद्यापासून बघा कुणीतरी."

मिस्त्रींनी टेप घेतला आणि तिच्या हातात पाना दिला.

"हे काय?"

"दांडा फिरवायला डोळे लागत नाहीत. मी तरी खाली कुठे बघतो? हाताला कळतं. झोप त्या फळीवर. डोकं सांभाळ."

"वेड लागलंय का तुम्हाला? या वयात?"

"गाडी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. चल."

ती कपडे सावरत, कुरकुरत आडवी झाली आणि सरकत सरकत गाडीखाली गेली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. बाहेर तिची पावलं तेवढी दिसत होती, टाचा भेगाळलेल्या. मिस्त्रींना क्षणभर टेपवरच्या रेघा धड दिसेनात. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

खालून पान्याचा आवाज आला. "आलं का?"

"नाही. चार होत्या, तीन झाल्या."

पुन्हा पाना. "आता?"

"दोन."

पाना थांबला. "माझ्यासारखं नाही ना सांगत?"

"नाही गं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी रेघा पुन्हा एकदा मोजल्या, या वेळी मोठ्याने, तिला ऐकू जातील अशा.