मागून घेतलेली भिंत

भिंत मागितली ती दिपमालानेच. दुसऱ्या कुणी मागितली असती तर निदान त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. पण इथं बोटं मोडायची तर स्वतःच्याच नावानं, आणि ते काही माणसाला जमत नाही.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या क्रीडा केंद्रात आधी कबड्डीचं एकच मैदान होतं, तेही मातीचं आणि चारी बाजूंनी उघडं. केंद्र म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून. बाकी एक गंजलेला डबल बार, एक नळ आणि कडेनं गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा. संध्याकाळ झाली की मैदानात पोरी आणि कट्ट्यावर त्यांच्या आया. आया काही खेळ बघायला येत नव्हत्या, खोटं कशाला बोला! कुणी लसूण सोलायची, कुणी मेथी निवडायची, कुणी सुनेचा उद्धार करायची. समोरच्याच ओळीत त्यांची घरं. गॅसवर डाळ ठेवून यायचं, तिसरी शिट्टी ऐकू आली की उठून जायचं, बंद करून परत यायचं. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. दिपमालाला ह्या बायांचा कधीकधी रागच यायचा, कारण पोरगी पकड करत असताना एखादी हमखास मध्येच दळण आणायला ओरडायची, "वं, दळन लई ये ना!"

दिपमाला मूळची नशिराबादची. लग्नाआधी ती जिल्ह्याच्या संघात उजवा कोपरा सांभाळायची. एका स्पर्धेत कुणी टवाळ तिच्या आखूड कपड्यांवरून काहीतरी घाण बोलला, ते नेमकं तिच्या बापाच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद. पुढच्या लगीनसराईत ती धुळ्याला आली. नवरा जगदीश भला माणूस. त्यानं तिला कधी अडवलं नाही, पण तोवर अडवण्यासारखं राहिलंच काय होतं? मग तिनं गल्लीतल्या पोरी गोळा केल्या. फुकट शिकवायची, वर घरून गूळ-शेंगदाणे आणायची. आपलं गेलं ते गेलं, ह्यांचं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात.

आणि त्या पोरींत होती रूपा. गुंताबाईची लेक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अंगानं किरकोळ, पण चढाईला गेली की समोरच्या सातजणींची पळता भुई थोडी व्हायची. पाय असा टाकायची की हात लावायला कुणी पुढं येईपर्यंत बाई मधल्या रेषेवर परत. भुसावळला निवड चाचणी होती. तिथं निवड झाली की विद्यापीठाचा संघ, मग खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी, निदान दिपमालाचा हिशेब असा होता. गुंताबाईचा हिशेब वेगळा होता. "खेळनी तोपावत खेळी. चांगलं ठिकान वनं का देई टाकसूत," असं ती मेथीची काडी मोडता मोडता सांगायची. म्हणजे खेळते तोवर खेळेल, चांगलं स्थळ आलं की देऊन टाकू. दिपमाला म्हणायची, बघू ना, आधी भुसावळ तर होऊ दे.

एवढ्यात ते व्हिडिओचं झालं.

चंदन नावाचा एक रिकामटेकडा. बापाच्या मोटारसायकलवर बसून फिरणं हाच त्याचा उद्योग. त्यानं मैदानाबाहेर उभं राहून रूपाची चढाई मोबाइलमध्ये घेतली, तिच्यावर एक घाणेरडं गाणं लावलं आणि टाकली सगळीकडे. दिपमालाला ते जगदीशनंच दाखवलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठली, पानटपरीवर गेली आणि चंदनच्या ठेवून दिली एक. त्याला व्हिडिओ पुसायला लावला, त्याच्या मित्रांचे मोबाइल हातात घेऊन तिथलाही पुसायला लावला, प्रत्येकाकडून शपथ घेतली आणि मगच हलली. टपरीवाल्यानं नंतर लोकांना सांगितलं, बाई नाही, वाघीण आहे. संध्याकाळी मैदानावर तिनं रूपाला कुशीत घेतलं. "रडायचं नाही," म्हणाली. रूपा रडत नव्हतीच. ती काहीतरी सांगत होती, डाव्या पायाबद्दल, पण दिपमालाच्या कानात ते गाणंच वाजत होतं.

त्याच सुमाराला केंद्राच्या विस्ताराची बातमी आली. वरून निधी मंजूर झालेला. एका मैदानाची दोन करायची, असं नगरसेवक बन्सीलालभाऊंनी ठरवलं होतं. दिपमालानं आया गोळा केल्या आणि गेली भाऊंच्या बंगल्यावर. बाया सोफ्याच्या कडेकडेला टेकल्या. चहा आला.

"भाऊ, दोन नकोत," दिपमाला म्हणाली. "एकच करा, पण बंदिस्त करा. भिंत घाला. डोक्यावरून जाईल अशी. बाहेरच्याला आतलं नखसुद्धा दिसायला नको."

"दिपाताई, तुम्ही फक्त सांगा!" भाऊ खूश. भिंत, छत, वर नाव कोरलेला दगड, ह्यात भाऊंना काय वाईट वाटणार? मातीच्या मैदानावर कुठं नाव कोरता येतं?

गुंताबाईनं बशी खाली ठेवली. "पन ताई, भीत बांधी तर मंग आम्ही कोठे बठसूत..."

"अक्का, तुम्ही गप्प बसा जरा. तुम्हाला त्यातलं काय कळतं?" दिपमाला म्हणाली.

गुंताबाईनं बशी पुन्हा उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

भिंत झाली. खोटं नाही, काम झकास झालं. आत गुळगुळीत फरशी, तिच्यावर निळं मॅट, मॅटवर आणि खाली फरशीवरही पांढऱ्याधोप रेषा, ट्यूबलाइटींचा लखलखाट. खिडक्या होत्या, पण छताला लागून, हवा येण्यापुरत्या. बाहेरचा कट्टा गाड्या लावायला जागा हवी म्हणून काढला. उद्घाटनाला भाऊंनी भाषण केलं, नारळ फोडला, दाराशी दगड बसवला: 'महिला कबड्डी कोर्ट'. दिपमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिनं मागितलेली वस्तू जशीच्या तशी दिली होती. बाया भिंतीला हात लावून बघत होत्या, गिलावा चांगला झालाय म्हणत होत्या.

पहिले काही दिवस सगळ्या पोरी आल्या. मग एकीच्या घरी पाहुणे आले. एकीला क्लास लागला. एकीचं पोट दुखायला लागलं ते थांबेचना. पोरी गळत गेल्या आणि एका संध्याकाळी दिपमाला त्या लखलखाटात एकटीच शिट्टी गळ्यात अडकवून उभी. रूपासुद्धा नाही! भुसावळची चाचणी तोंडावर आलेली आणि रूपा नाही! ती तरातरा गुंताबाईच्या घरी गेली.

गुंताबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रूपा आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बाहेर येत होता.

"अक्का, रूपाला का नाही पाठवलं?"

"नही धाडाव," गुंताबाई म्हणाली.

"अहो, पण का? आता कुणी टवाळ नाही, कुणी बघत नाही..."

"तेच ना वं माय!" गुंताबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "कोनीच दखत नही. मी बी नही. पहिले कोनी इचारं, तुनी पोर कोठे शे, तर मी आठेथीन हात करू, ती काय, तठे शे. झायं, तोंड बंद! रूपाना काका इचारे, मी हात करू. शेजारीन इचारे, मी हात करू. आते काय दखाडू? भीत? दार लायीसन मजार काय चालस, आसं लोक इचारतस. मी काय सांगू?"

"मग आत येऊन बसा ना तुम्ही!"

"मजार बसू तर आठे गॅस कोन बंद करी? तू?"

दिपमालाला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं तिला वाटत होतं, पोरी तिच्या शिकवण्यामुळं येतात. बाया आपला रिकामा वेळ घालवायला बसतात. आणि तो सगळा खेळ चालला होता ह्या लसूण सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायांच्या हात दाखवण्यावर! बापानं आपलं खेळणं बंद केलं ते लोकांनी बघितलं म्हणून, हे तिनं पंचवीस वर्षं मनात घोकलं होतं. आपल्या बापाला हात करून 'ती काय, तिथं आहे' म्हणायला गुंताबाईसारखं कुणी नव्हतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"त्या दिवशी भाऊंकडे बोलायचं होतं ना मग," ती कशीबशी म्हणाली.

"बोलनू व्हतू," गुंताबाई म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिपमाला बन्सीलालभाऊंच्या दारात. "भाऊ, भिंत पाडा. निदान समोरची तरी. जाळी बसवा. पोरी बाहेरून दिसल्या पाहिजेत."

भाऊ हसले. मोठ्यानं हसले. "दिपाताई, परवा म्हणत होता नख दिसायला नको, आज म्हणता सगळं दिसायला पाहिजे. सरकारी काम म्हणजे काय रांगोळी आहे, पुसली आणि परत काढली? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"पण पोरी येत नाहीत, भाऊ."

"ते मलाही दिसतंय. एवढी मोठी वास्तू रिकामी ठेवता येते का? डॉक्टर मंडळी बॅडमिंटनसाठी मागताहेत. मी म्हटलं, घ्या. पोरी आल्या की बघू." भाऊंनी हात जोडले. "तुमचीच मागणी होती, ताई. मी तर दोन मैदानं देत होतो."

खरंच होतं ते. हरामखोरानं खरं बोलावं, ह्याच्याइतकं वाईट काही नाही.

तिनं हात टेकले नाहीत. घरोघर फिरली, प्रत्येक पोरीला स्वतः घरून नेते आणि घरी सोडते म्हणाली. बाया तिला चहा पाजायच्या, हो म्हणायच्या आणि पाठवायच्या नाहीत. शाळेचं मैदान मागितलं, मिळालं नाही. भुसावळची चाचणी झाली. देवपुरातून एकही पोरगी गेली नाही. निळ्या मॅटची गुंडाळी करून कोपऱ्यात उभी केली गेली आणि फरशीवर हिरव्या रेषा आल्या. दाराशी बसवलेला दगड तेवढा तसाच राहिला. महिला कबड्डी कोर्ट! बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथं झोपा केला म्हणून बैल गेला.

उन्हाळ्यात रूपाचं ठरलं. मुलगा भुसावळचा, रेल्वेत. आता बोला! भुसावळही झालं आणि रेल्वेही झाली. साखरपुड्याला मोठी जागा हवी होती, तर बन्सीलालभाऊंनी कोर्ट देऊन टाकलं. गल्लीतली म्हणून फुकट.

दिपमाला जाणार नव्हती. जगदीश म्हणाला, "पोरीचा काय दोष?" म्हणून गेली. आत शिरली तर सगळा संघ हजर, साड्या नेसून, गजरे माळून. आणि त्यांच्या आया, ज्यांना म्हणे आत बसायला सवड नव्हती, त्या खुर्च्यांवर ऐसपैस बसलेल्या. गॅस बंद करून आल्या असतील.

रूपाला आणलं. जरीची साडी, हातभर बांगड्या, मान खाली. चौरंगाकडं येताना एका ठिकाणी ती थांबली, वाकली, फरशीला उजव्या हाताची बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. मुलाकडच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. "काय वळण लावलंय हो पोरीला!" मुलाची आत्या म्हणाली. गुंताबाईचा ऊर भरून आला. हिरव्या रेषांच्या मधून अजून थोडी दिसणारी ती पांढरी रेष दिपमालानं ओळखली. कोर्टात उतरताना असा नमस्कार करायला तिनंच शिकवलं होतं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

साखरपुडा झाला, पंगती बसल्या. दिपमाला ओटी भरायला गेली तेव्हा रूपानं तिचा हात धरून ठेवला. शेजारी होणाऱ्या नवऱ्यानं दिलेला नवा मोबाइल होता.

"ताई, एक विचारू? तो व्हिडिओ आहे का तुमच्याकडं?"

"कोणता गं?"

"चंदननं काढलेला. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये होता. तो भावाला दिला, त्यानं सगळं पुसून टाकलं." रूपा हळू बोलत होती, बाजूला सासू होती. "त्यात माझी पूर्ण चढाई होती, ताई. डावा पाय टाकून तिघींना बाद केलं होतं, ती. मी तेव्हाच तुम्हाला सांगत होते. मी आवाज बंद करून बघायचे. माझा खेळताना दुसरा एकही व्हिडिओ नाही. असेल तर ह्याच्यावर पाठवा ना."

दिपमालाला टपरी आठवली. चंदनचा लाल झालेला गाल आठवला. एकेकाचा मोबाइल हातात घेऊन, नीट तपासून, कुठं एकही राहू नये म्हणून किती काळजी घेतली होती तिनं.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "माझ्याकडं नाही."

"कुणाकडंच नाही?"

"कुणाकडंच नाही."

रूपानं मान हलवली आणि हात सोडला. तेवढ्यात फोटोवाल्यानं नवरी मुलीला हाक मारली आणि ती साडी सावरत, हसत, त्याच्याकडं बघून उभी राहिली.